सांडव्यावरची जाळी

चंदनबाईंना नाही म्हणणं चोपड्यात आजवर कुणाला जमलेलं नाही. दालमिलच्या हमालांना जमलं नाही, जैन स्थानकाच्या पंचांना जमलं नाही, आणि नातू श्रेयांस तर दोन मुलांचा बाप झाला तरी त्यांच्यापुढे अजून चड्डी फाडून आलेल्या पोरासारखाच उभा राहतो. बाईंचं वय पंच्याहत्तरीला टेकलेलं, अंगकाठी चिमणीएवढी, आवाज तर त्याहून बारीक. पण त्यांनी एकदा "नको" म्हटलं की विषय मिटला. यंदाच्या मे महिन्यात त्यांनी असंच एक लोखंडी जाळी काढायला "नको" म्हटलं, आणि धरणाखालच्या वस्तीतल्या दहाबारा घरांचा जीव टांगणीला लागला तो लागलाच.

जाळीचं सांगायचं तर आधी धरणाचं सांगायला हवं.

चंदनबाई मारवाडातल्या एका कोरड्या गावातून सून होऊन चोपड्याला आल्या. माहेरी पाणी तुपासारखं जपून वाढायचं. लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात लखीचंद शेठ त्यांना तापीचा पूर दाखवायला घेऊन गेले. बाई पुलाच्या कठड्याला धरून पाणी बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "एवढं सगळं जाऊ देतात? कुणी थांबवून नाही ठेवत?"

शेठ हसले. पण ते बोलणं त्यांनी मनात जपून ठेवलं. पुढे दालमिलला बरे दिवस आले तेव्हा त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी थोडी जमीन घेतली, दोन टेकड्यांमधून येणारा नाला मातीचा भराव घालून अडवला आणि त्यामागे तलाव उभा केला. शेतीला पाणी हवं म्हणून नव्हे. नुसती हौस. लोक बायकोला पाटल्या करतात, लखीचंदांनी तलाव केला. त्या वर्षी जळगावचा त्यांचा सराफ रुसला असेल तर नवल नाही.

पंचक्रोशीत त्याला शेठचं धरण म्हणू लागले. धरण म्हणण्याएवढं मोठं ते नव्हतं, पण हौसेला मोठं नाव शोभतं. सुट्टीत पोरं तिथे डुंबायची, हिवाळ्यात भरीत-पुरीच्या पंगती बसायच्या, आणि बाई भरावावर बसून पाण्याकडे बघायच्या. बघून त्यांचं पोट भरायचं.

मग दुष्काळाचं एक वर्ष आलं. धरणात तळाशी का होईना पाणी उरलं, पण खाली नाल्यातले डोह आटत चालले. एका डोहाच्या चिखलात मासे तडफडताहेत आणि बगळे रांग लावून उभे आहेत, हे बाईंनी जीपमधून बघितलं आणि त्या चप्पल न घालताच खाली उतरल्या. त्या दिवशी जे घडलं ते जुनी माणसं अजून हसून सांगतात. धोतर खोचून, डोक्यावर हंडा घेऊन लखीचंद शेठ नाल्यातून धरणावर चाललेत आणि हंड्यात मासे वळवळताहेत. जैन शेठ मासे घेऊन चालला! शेठ घरी पोचायच्या आत बातमी स्थानकात पोचली होती.

ते मासे जगले, वाढले, त्यांचा पसारा झाला. बाई कणकेच्या गोळ्या घेऊन जायच्या, पाण्याशी बसून "आव आव" करायच्या आणि पाणी उकळल्यासारखं हलायला लागायचं. आता मासे माणसाच्या हाकेला येतात की कणकेच्या वासाला, यावर वाद घालायची हिंमत कुणी केली नाही.

पण धरण भरलं की जादा पाणी बाजूच्या सिमेंटच्या वाटेनं खाली नाल्यात पडतं. त्या वाटेला सांडवा म्हणतात. पाणी पडतं तसे त्याच्याबरोबर मासेही पडतात. आणि खालच्या वस्तीतली माणसं टोपल्या घेऊन उभीच असतात, का नसावीत? घरी चालून आलेलं अन्न. बाईंनी एका पावसाळ्यात ते डोळ्यांनी पाहिलं आणि दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही.

तिसऱ्या दिवशी शेठनी लोहार बोलावला. सांडव्याच्या तोंडावर आडवी लोखंडी चौकट बसवली आणि तिच्यात बारीक जाळी. बोल्ट स्वतः आवळले. "घे," ते म्हणाले, "आता तुझं एकही लेकरू घर सोडून जायचं नाही."

हे त्यांचं धरणावरचं शेवटचं काम. त्याच हिवाळ्यात ते गेले. म्हणून ती जाळी बाईंच्या लेखी नुसतं लोखंड नव्हती, नवऱ्यानं दिलेला शब्द होता. पाणी गाळून पिणाऱ्या घरात वाढलेल्या त्या बाईला धरणालाही गाळणं लावलं यात काही वावगं वाटलं नाही. अशी चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीही नसती. ती व्हायला इतकं मऊ काळीज लागतं.

कितीतरी वर्षं जाळीनं कुणाचं काही बिघडवलं नाही. मग श्रेयांसनं धरणावर पर्यटन सुरू केलं. चार नावा आल्या, झोपड्या आल्या, रविवारी जळगावहून गाड्या येऊ लागल्या. गाड्यांबरोबर पाण्याच्या बाटल्या आल्या, द्रोण-पत्रावळी आल्या. वरच्या अंगाला केळीचे बाग वाढले, त्यांची वाळली पानं नाल्यातून यायला लागली. हे सगळं वाहत यायचं आणि जाळीला येऊन चिकटायचं.

श्रेयांस पोरगा गुणाचा. लोकांना नावेत बसवतोय तर धरण तपासून घ्यावं, म्हणून त्यानं मे महिन्यात जळगावहून हेमांगी नावाची इंजिनिअर बोलावली. पोरगी भर उन्हात भरावावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडली. भरावावर उगवलेल्या बाभळी काढायला सांगितल्या, कारण मुळं कुजली की मातीत पोकळ वाटा पडतात. घुशींची बिळं बुजवायला सांगितली. बाईंची अट एवढीच, की आधी घुशी बाहेर घालवा आणि मगच बिळं बुजवा. हेमांगी हसली नाही, हो म्हणाली, म्हणून ती बाईंना आवडली. तिला झोपडीत बसवून बाईंनी स्वतः चहा गाळायला घेतला.

"आजी, एक शेवटचं," हेमांगी म्हणाली. "सांडव्यावरची जाळी पावसाच्या आधी काढायला हवी."

"नको."

"मातीचं धरण पाणी अडवून धरतं, आजी, पण पाणी त्याच्या डोक्यावरून वाहायला लागलं तर ते टिकत नाही. माती धुपत जाते आणि बघता बघता खिंडार पडतं. पाणी डोक्यावर जाऊ नये म्हणून तर सांडवा असतो. तोच तुंबला तर?" तिनं बाईंच्या हातातल्या गाळणीकडे बोट दाखवलं. "चोथा साठला की चहा कपात पडतो का? बशीत सांडतो ना?"

बाईंनी गाळणी उचलली, ओट्यावर टक्कन आपटली आणि पुन्हा कपावर धरली. "मग चोथा काढायचा. गाळणी कुणी फेकून देतं का, बेटा?"

श्रेयांसला हसू आलं. हेमांगीला आलं नाही. "गाळणी झटकताना आपण ओट्याशी उभे असतो. पुराच्या पाण्यात सांडव्यावर कोण उभं राहणार?"

"पुना," बाई म्हणाल्या. इतक्या चटकन म्हणाल्या की जणू चहात साखर किती घालायची तेवढंच विचारलं होतं.

पुना धरणाचा राखणदार. शेठच्या वेळेपासूनचा. धरणाखालच्या वस्तीत त्याचं घर, घरात बायको कमलबाई, मुलगा, सून, नातवंडं. त्याला बोलावलं, नवं लांब दांड्याचं दाताळं दिलं आणि जाळीवरचा कचरा रोज काढायला सांगितलं. पुनानं दाताळं उलटंपालटं करून पाहिलं.

"करी टाकसू बाई," तो म्हणाला.

हेमांगीनं आणखी दोनदा सांगून पाहिलं, मग लेखी अहवाल दिला आणि गेली. श्रेयांसनं तो अहवाल दादीला वाचून दाखवायचं रोज ठरवलं आणि रोज टाळलं. भित्र्या माणसाला कॅलेंडरची साथ असते. आज नको, उद्या बघू, करता करता जून उजाडला.

श्रावण सरत आला, पर्युषण लागलं, जैनांचं आठ दिवसांचं पर्व. शेठ गेल्यापासून चातुर्मासात बाई गावाबाहेर पाऊल टाकत नाहीत. त्या दिवसांत तर घर आणि स्थानक एवढंच. एक वेळ जेवण, उकळून निववलेलं पाणी, बाकी सगळा वेळ प्रवचन. तिसऱ्या दिवशी दुपारी साध्वी महासतीजी जीवदयेवर बोलत होत्या आणि श्रेयांस दारात येऊन उभा राहिला. श्रेयांस, जो संवत्सरीचा, म्हणजे पर्वाचा शेवटचा दिवस सोडला तर स्थानकाची पायरी चढत नाही. त्याच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल होता.

बाई उठून बाहेर आल्या. "पुना?" त्यांनी एवढंच विचारलं. का विचारलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"वाचला, दादी. पाय मोडलाय. जळगावला नेलंय."

मग त्यानं सांगितलं. डोंगरात पहाटेपासून झोडपून पाऊस. नाला केळीची पानं, फांद्या, बाटल्या घेऊन आला आणि सगळं जाळीला लागलं. सांडवा तुंबला, पाणी चढत चढत भरावाच्या माथ्याला भिडायला हातभर राहिलं. पुना कमरेला दोर बांधून सांडव्यात उतरला, दाताळ्यानं कचरा ओढत होता, तेवढ्यात एक ओंडका आला आणि त्याचा पाय जाळीशी दाबला गेला. वस्तीतल्या लोकांनी दोर ओढून त्याला वर घेतलं. त्या ओंडक्याच्या धक्क्यानं जाळीचा एक कोपरा वाकला, तुंबलेलं थोडं निसटलं आणि पाणी उतरायला लागलं. "नाहीतर..." बाईंनी त्याला पुढचं बोलू दिलं नाही.

"कमल कुठे आहे?"

"घरी. मुलगा गेलाय पुनाबरोबर."

"गाडी काढ."

"दादी, चातुर्मास..."

"श्रेयांस, गाडी काढ."

धरणाच्या फाट्यावर गाडी सवयीनं वरच्या रस्त्याला वळायला लागली. बाई म्हणाल्या, "खाली." श्रेयांसला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. धरण झाल्यापासून बाई शेकडो वेळा तिथे आल्या असतील, पण खालच्या वस्तीत कधी गेल्या नव्हत्या. जायचं कारणच पडलं नव्हतं. कमलबाईच वर यायची.

कमलबाई अंगणात ओली गोधडी पिळत होती. गाडीतून कोण उतरतंय हे बघून तिच्या हातातून गोधडी सुटली.

"व माय! बाई, तुम्ही आठे?" तिनं धावत जाऊन खाट पुसली, अंगणात मांडली. "बसा. पानी तं तुम्ही पेतस नही आमनाकडलं, काय देऊ तुमले?"

"काही नको. तू बस."

बाई खाटेवर टेकल्या आणि त्यांनी मान वर केली.

समोर आभाळ नव्हतं. समोर भराव होता. वरून बघताना तो गवताचा एक हिरवा उंचवटा होता, त्याच्यावर बसून पाय हलवत पाणी बघायचं. इथून तो भिंतीसारखा उभा होता, घराच्या कौलांहून कितीतरी उंच, आणि सगळी वस्ती त्याच्या पायाशी बसलेली. माथ्यावर, अगदी कडेला, लाटेनं पलीकडून उडवलेली केळीच्या पानांची चिंधी गवताला अडकली होती.

"पाणी तिथपर्यंत आलं होतं?"

"हा बाई."

बाईंची नजर दाराकडे गेली. आत उंबऱ्यालगत एक मोठं गाठोडं होतं, दोरीनं करकचून बांधलेलं. गोधडीच्या आतून एका लहान फ्रॉकची झालर बाहेर आली होती.

"कुठे निघाली होतीस?"

कमलबाई ओशाळली. "कोठेच नही. चौमासाभर बांधेलच ऱ्हास ते. पानी वाढनं का बठ्ठा पोरेस्ले उचलतस आन टेकडीवरना मंदिरमा जाई बसतस."

"कधीपासून?"

कमलबाईनं पदराचा काठ बोटाला गुंडाळला. "जाळी लायी तधळपाईन."

"आणि तू मला कधी बोलली नाहीस? दर आठवड्याला वर येत होतीस, माझ्याजवळ बसत होतीस!" बाईंचा बारीक आवाज चिरकला. राग कुणावर काढायचा तेच त्यांना कळत नव्हतं.

"काय बोलू? तुमना जीव जडेल शे त्या मासास्मा. आन शेठनी लायेल जाळी ती. ती काढा, असं मी कोन्या तोंडे सांगू?"

 पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून बाई जन्मभर जमिनीकडे बघत चालल्या होत्या. पाणी गाळलं, दिव्यावर झाकण ठेवलं, पालापाचोळासुद्धा झटकून पेटवला. आणि ज्या जमिनीवर ही लेकरं झोपत होती तिथे त्यांची नजर कधी पोचलीच नव्हती. त्यांना शेठची आठवण झाली आणि पहिल्यांदाच त्यांचा राग आला. नुसतं माझं ऐकलंत, एकदा तरी खाली येऊन बघायचं होतंत. मग वाटलं, आपण तरी कुठे आलो होतो? आणि त्यांना रडू आलं. कमलबाईच्या अंगणात, श्रेयांसच्या देखत, त्या पदरात तोंड घालून रडल्या.

रडून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले. "मिस्त्रीला बोलाव. जाळी काढायची."

"आत्ता?" श्रेयांस म्हणाला. "दादी, पर्युषण चालू आहे. मासे सगळे खाली..."

"मला माहीत आहे मासे कुठे जातील. पाणी उतरलेलं आहे तोवर काढून घे. आणि त्या मुलीला फोन लाव, काढताना काय काळजी घ्यायची ते विचार. या वेळी ती जे सांगेल ते सगळं ऐकायचं."

हेमांगीनं फोनवर सगळं सांगितलं. सांडव्यात कुणी उतरायचं नाही, दोन्ही काठांवरून बोल्ट कापायचे, चौकट ट्रॅक्टरला दोर बांधून बाहेर ओढायची. मिस्त्री आला, ट्रॅक्टर आला. वर कापण्याचा किर्र आवाज सुरू झाला. बाई वर गेल्या नाहीत, तिथेच खाटेवर बसून राहिल्या. मध्ये पुनाच्या मुलानं दवाखान्यातून फोन लावला आणि बापाच्या हातात दिला.

"बाई," पुनाचा आवाज खोल गेलेला होता, "जाळी कोन साफ करी आते?"

"जाळी नाही आता, पुना. तू झोप."

 "बरं झायं बाई," तो म्हणाला, आणि बाईंना कळलं की इतकी वर्षं त्यानंही ते बोलायचं राखून ठेवलं होतं.

वर काहीतरी खणकन पडलं, माणसं ओरडली आणि अंगणापलीकडच्या नाल्याचा आवाज बदलला. पाणी मोकळं होऊन आलं. गढूळ, पानांनी भरलेलं. आणि त्या गढुळात मध्येच काही चमकलं. एक, मग आणखी एक, मग पुष्कळ.

वस्तीतली पोरं टोपल्या घेऊन धावली. बाईंनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात कमलबाईचा आवाज कडाडला.

"ठेवा त्या टोपल्या! बाईसनं परव चालू शे, दिखस नही का? आठ दिन कोनी हात लावाना नही!"

पोरं थबकली. एकानं कुरकुर केली, कमलबाईनं डोळे वटारले, टोपल्या खाली आल्या. बाईंनी डोळे उघडले तेव्हा काठावर सगळी वस्ती हात बांधून उभी होती आणि मासे त्यांच्या समोरून चालले होते.

बाई खाटेवरून उठल्या आणि त्यांनी कमलबाईपुढे हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, कमल." झालेल्या अपराधाची ही क्षमा संवत्सरीच्या दिवशी मागतात, सगळ्यांकडे, ओळीनं. बाईंना तोवर थांबवेना.

"मना पाया कसाले पडतस बाई!" कमलबाईनं त्यांचे हात धरले. शब्द तिला समजले नसतील, पण मतलब समजला.

दोघी काठावर जाऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं बाईंनी विचारलं, "आणि नवव्या दिवशी?"

कमलबाईनं नाल्याकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. "नववा दिन धरसूत बाई. तुमले खोटं कसाले सांगू?"

बाईंना हसू फुटलं. दिवसभरात पहिल्यांदा. "बरं. नवव्या दिवशी मी इकडे येणार नाही. दहाव्या दिवशी येईन, पुनाला बघायला. आणि ते गाठोडं सोड आता, कपड्यांना वास लागेल."

कमलबाई आत गेली. गाठी पावसानं फुगून घट्ट बसल्या होत्या, त्या सुटेनात, तिनं दात लावले. बाईंनी श्रेयांसला गाडीतली पिशवी आणायला सांगितली. पिशवीत स्टीलचा डबा होता, डब्यात कणकेच्या गोळ्या. एवढ्या घाईत, एवढ्या घोरात, वाटेत मिनिटभर घरी थांबून निघतानाही हात सवयीनं तिकडे गेला होता.

"दादी, आता कुणाला घालणार? थांबतंय का कुणी?"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "घरून निघालेल्या लेकराला उपाशी पाठवतात का?"

आणि वाकून, "आव आव" न म्हणता, त्या एक एक गोळी वाहत्या पाण्यात सोडत राहिल्या.